ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन : ९५७ किलोमीटर आणि मध्ये एक सीमा

ओस्लोहून आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येन गावाला जाणारं विमान उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला थांबतं आणि सगळ्यांना हातातल्या सामानासकट खाली उतरवतात. पुढे न्यायचं विमान तेच, पुढचं गावही नॉर्वेच्याच अमलाखालचं, तरी पासपोर्ट दाखवल्याशिवाय पुन्हा चढता येत नाही. मला हा थांबा मनापासून नकोसा वाटतो. पण तो का आहे हे समजून न घेता गेलात, तर परत येताना अडकाल.

स्वालबार्डवर नॉर्वेचं सार्वभौमत्व आलं ते १९२० च्या करारानं, पण ही बेटं शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत. तिथं राहायला कुणालाच व्हिसा लागत नाही, आणि आपली माणसं फसतात ती इथेच. ट्रॉम्सोची पासपोर्टची खिडकी ओलांडली की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथं संपतो, तारखा कितीही शिल्लक असोत. परतताना पुन्हा नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच उतरायचं असतं, म्हणजे दुसरा प्रवेश हवा. व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशसंख्येचा छोटा रकाना असतो; तिथं ०१ असेल तर निघूच नका. अर्ज भरतानाच दोन किंवा अनेक प्रवेश मागा आणि स्वालबार्डची जाण्यायेण्याची तिकिटं सोबत जोडा.

आता अंतर. ट्रॉम्सो साधारण ६९.७ अंश उत्तरेला, लाँगयिअरब्येन ७८.२५ वर. फरक साडेआठ अंशांचा आणि एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर. थोडं पश्चिमेला सरकणं धरून हवाई अंतर ९५७ किलोमीटरच्या आसपास भरतं. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ते प्रचंड दिसतं, कारण मर्केटर नकाशा ७४ अंशांजवळ अंतरं साडेतीन पटींहून जास्त ताणतो. ताशी ८०० किलोमीटरनं सव्वा तासाच्या आतलं हे अंतर. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली येणं धरून वेळापत्रकात सुमारे एक तास चाळीस मिनिटं लागतात. दोन्हीकडे घड्याळ एकच.

खरी अडचण वाटेत उतरायला जागा नसण्याची. निम्म्याहून थोडं पुढे ब्यॉर्नोया बेट लागतं. तिथं हवामान केंद्र आहे, विमानाची धावपट्टी नाही. स्वालबार्डवरच्याच न्यी-ऑलेसुंड या संशोधकांच्या वस्तीची पट्टी जेट विमानाला पुरत नाही. त्यामुळे लाँगयिअरब्येनवर धुकं बसलं तर विमान घिरट्या घालतं आणि शेवटी मुख्य भूमीकडे माघारी फिरतं. त्यासाठीचं इंधन आधीच भरलेलं असतं. तीन तास हवेत काढून पुन्हा ट्रॉम्सोलाच उतरायची वेळ येऊ शकते. म्हणून बोटीची सफर किंवा पुढचं विमान त्याच दिवशी कधीही ठेवू नये; मधे एक रात्र मोकळी हवीच.

१९७५ साली सुरू झालेली लाँगयिअरब्येनची धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलीय. वरचा थर वितळला की डांबर खालीवर होतं, म्हणून तिची डागडुजी सतत चालते. सामानाच्या पट्ट्यावर पेंढा भरलेलं ध्रुवीय अस्वल उभं आहे. गाव पाच किलोमीटरवर. बस विमानाच्या वेळेला हजर असते, पण बॅग घेऊन रेंगाळलात तर निघून जाते.

भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र न्यी-ऑलेसुंडला २००८ पासून आहे. त्याचा कारभार पाहणारी ध्रुवीय संशोधन संस्था गोव्यात वास्कोला. लाँगयिअरब्येनहून तिथं छोटं डॉर्निअर विमान अर्ध्या तासाच्या आत पोचतं, पण त्याच्या जागा संशोधकांसाठी आणि तिथं कामाला असणाऱ्यांसाठी असतात. पर्यटकांनी उन्हाळ्यात बोटीनं जावं.