स्विमिंग पूलचा पंप बदलून वीजबिल खरंच उतरतं का?

उतरतं. पण 'एनर्जी एफिशियंट' असा शिक्का असलेला कुठलाही पंप बसवला की काम झालं, असं समजू नका. या एका नावाखाली दोन वेगळ्याच वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे नेहमीचा एकाच वेगाने फिरणारा पंप, फक्त मोटर वरच्या दर्जाची. दुसरा व्हेरिएबल स्पीड पंप, ज्याचा वेग आपल्याला कमी-जास्त करता येतो.

पहिल्याचा हिशेब लगेच संपतो. दीड एचपीच्या थ्री फेज, २ पोल मोटरची कार्यक्षमता आयई२ दर्जात (आयई म्हणजे मोटरच्या कार्यक्षमतेची आंतरराष्ट्रीय श्रेणी, आकडा मोठा तितकी मोटर चांगली) ७९.६ टक्के आणि आयई३ दर्जात ८२.७ टक्के. मीटरवर फरक पडतो जेमतेम ५० वॅटचा. रोज ८ तास चालवली तर महिन्याला १२ युनिट. मोटर जळालीच असेल तर रिवाइंडिंगवर खर्च करण्याऐवजी आयई३ घ्या. चांगली चालू मोटर त्यासाठी काढू नये.

खरी बचत वेग कमी करण्यात आहे. वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण लागणारी ताकद एक अष्टमांश होते. निदान कागदावर. मोटर आणि ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) जे वाया जातं ते धरून प्रत्यक्षात पाचवा-सहावा हिस्सा लागतो, आणि तोही पुष्कळ झाला. पूलला हा नियम इतका चपखल बसतो कारण इथे पाणी वर चढवायचं नसतं. पूलमधून निघून फिल्टरमधून परत पूलमध्येच यायचं, वाटेत फक्त पाइप आणि फिल्टरमधल्या वाळूचा अडथळा. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीच्या पंपाला हेच करायला गेलात तर ठरावीक वेगाखाली पाणी गच्चीपर्यंत पोचणारच नाही. त्या पंपावर ड्राइव्ह लावून काही हाती लागलं नाही म्हणून पूलचाही प्रस्ताव बाजूला ठेवणाऱ्या कमिट्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

लोणावळा-अलिबागकडे असतो तसा बंगल्याचा पूल घेऊ: १० मीटर लांब, ५ रुंद, सरासरी १.४ खोल. म्हणजे ७०,००० लिटर. दीड एचपीचा पंप तासाला १७,००० लिटर फिरवतो आणि १.४ किलोवॅट खातो असं धरा. रोज ८ तास म्हणजे ११.२ युनिट, महिन्याला ३३६. तेवढंच पाणी निम्म्या वेगाने १६ तासांत फिरवलं तर सुमारे २५० वॅटने रोज ४ युनिट, महिन्याला १२०. आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूमसाठी, म्हणजे तळाचा गाळ ओढायला, तासभर पूर्ण वेग, त्याचे आणखी १२. वाचले २०० युनिट. युनिटमागचे सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडत असेल तर महिन्याला २,४०० रुपये. नव्या पंपासाठी ६०,००० रुपये जास्त मोजावे लागले, तर ते २५ महिन्यांत वसूल.

आता हाच पूल मालक रोज फक्त ४ तास चालवत असेल, तर बचत निम्म्याहून खाली येते आणि वसुलीला चार वर्षांहून जास्त लागतात. अशा वेळी पंपाच्या आधी २,००० रुपयांचा टायमर बघा.

दर काढताना एकूण बिलाला युनिटने भागू नका. स्थिर आकार कमी होत नाही. महावितरणच्या घरगुती दरात स्लॅब असल्यामुळे वाचणारी युनिटं सर्वांत वरच्या, म्हणजे महागड्या स्लॅबमधली असतात. त्या स्लॅबचा ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर वीज शुल्क, ही बेरीज तुमचा खरा दर.

सोसायटीच्या पूलला बहुधा थ्री फेज मोटर असते, तिथे पंप न बदलता ड्राइव्ह लावता येतो. ५ एचपीची मोटर ४.३ किलोवॅट घेत १२ तास चालत असेल तर ५२ युनिट होतात. ड्राइव्हने नेहमीच्या ५० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झवर, म्हणजे ८० टक्के वेगाने चालवली तर तीच साधारण २.४ किलोवॅट घेते. तेवढंच पाणी फिरवायला १५ तास लागतील, म्हणजे ३६ युनिट. पंप रूममध्ये डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह कायम अर्धवट बंद ठेवलेला दिसला तर समजा पंप गरजेपेक्षा मोठा आहे आणि ड्राइव्ह लवकर वसूल होणार. ड्राइव्ह लावल्यावर तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. हे राहून जातं, आणि मग बचत का दिसत नाही याचा शोध सुरू होतो. सिंगल फेज, कपॅसिटरवाल्या मोटरला मात्र साधा ड्राइव्ह लावू नका, कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळेल.

वेग ठरवताना रिटर्न लाइनवर फ्लो मीटर बसवा आणि टप्प्याटप्प्याने खाली या. कुठे थांबायचं ते पूलच सांगतो. स्किमर पानं ओढेनासा होतो, ओव्हरफ्लो पूलच्या कडेवरून पाणी सारखं सांडत नाही, सॉल्ट क्लोरिनेटरचा (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) फ्लो स्विच बंद होतो. साध्या मोटरला २५ हर्ट्झच्या खाली नेऊ नये. तिचा पंखा शाफ्टवरच असतो, वेग उतरला की मोटर गरम होते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर असेल तर सुरुवातीची ३ ते ५ मिनिटं पूर्ण वेगाने प्रायमिंग (पाइपमधली हवा काढून पाणी भरून घेणं) ठेवा. बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं, तोही पूर्ण वेगानेच. कमी वेगात वाळू उचलली जात नाही, मळ आतच राहतो.

फिल्टर तुंबला की पंप जास्त वीज खातो, असं सर्रास सांगितलं जातं. उलट आहे. पाणी कमी येतं म्हणून मीटरवर वॅटही थोडे उतरतात. पण तेवढंच पाणी फिरवायला तास वाढतात, आणि बिल वाढतं ते त्या तासांमुळे.

ड्राइव्ह मरतात ते बहुतेक पंप रूममध्येच. क्लोरीनची पोती आणि ॲसिडचे कॅन त्याच खोलीत ठेवले की सर्किट बोर्ड हिरवं पडतं. पाल आत शिरून शॉर्ट होणं हेही नेहमीचंच. आयपी५५ (धूळ आणि पाण्यापासून बचाव करणारी) पेटी घ्या, केबलची भोकं ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) बंद करा, केमिकल दुसरीकडे हलवा. ड्राइव्हनंतर आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) उगाच ट्रिप होऊ लागला तर तो बायपास करायचा नाही. पाण्याशी गाठ आहे. ड्राइव्हला चालणाऱ्या प्रकारचा आरसीसीबी लावून घ्या आणि अर्थिंग तपासा. वीज जाऊन आल्यावर प्रोग्रॅम आणि घड्याळ टिकतं का, तेही एकदा मेन बंद करून पाहा.

विक्रेत्याकडचे बचतीचे आकडे अनेकदा अमेरिकन माहितीपत्रकातले असतात. तिथे १९ जुलै २०२१ पासून पूल पंपांना कार्यक्षमतेची सक्ती आहे आणि वीज ६० हर्ट्झची, म्हणून ३,४५० आरपीएमवरचे आकडे दिसतात. आपल्याकडे साधा पंप २,८५० ते २,९०० वर फिरतो. तुलना त्याच्याशी करून मागा. बसवण्याआधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर पंपाच्या लाइनवर वेगळा एनर्जी मीटर ठेवा. क्लॅम्प मीटरचे अँपिअर गुणिले २३० हा हिशेब ड्राइव्हवर चालत नाही, तो खऱ्यापेक्षा जास्त वीज दाखवतो.