२५० ओहमचा हेडफोन, योग्य ॲम्प आणि न मिळणारा एक आकडा

हेडफोन ॲम्पच्या, म्हणजे हेडफोनला जास्त जोर पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, खोक्यावर ‘१६ ते ६०० ओहम हेडफोनसाठी योग्य’ अशी जी ओळ छापलेली असते, तिचा मला अजूनही राग येतो. त्या ओळीवाचून माझे काही अडले नसते, परंतु तिच्याऐवजी जो आकडा छापायला हवा होता तो मिळवण्यात माझे कित्येक आठवडे गेले. २५० ओहमच्या हेडफोनला हा ॲम्प जास्तीत जास्त किती व्होल्ट देतो, एवढाच माझा प्रश्न होता. ज्यांना स्टुडिओतील जास्त इम्पिडन्सचे (विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे, जो ओहममध्ये मोजतात) हेडफोन घरी वापरायचे आहेत त्यांना हाच प्रश्न पडणार आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी पुण्यात घरी बसून ऑडिओबुकचे आणि अधूनमधून शास्त्रीय गायनाच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणाचे संपादन करते. त्यासाठी मी बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा डीटी ९९० प्रो, २५० ओहम, हा मागून उघडा असलेला हेडफोन घेतला. त्याचा वरच्या पट्टीचा आवाज जरा धारदार आहे, आणि निवेदकाचे ‘स’, ‘श’ किंवा ओठांचा चटकन होणारा आवाज पकडायला मला तोच हवा होता. हेडफोन निवडणे, मागवणे, हातात पडणे हे सारे विनासायास झाले. प्रश्न निर्माण झाला तो माझ्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे संगणकाला माइक आणि हेडफोन जोडणाऱ्या उपकरणाच्या, हेडफोन जॅकमुळे.

या हेडफोनची संवेदनक्षमता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल अशी दिलेली आहे. शक्ती आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की व्होल्ट मिळतात, म्हणजे २५० ओहममध्ये १ मिलिवॅट जायला अर्धा व्होल्ट लागतो, आणि १ व्होल्टला हा हेडफोन सुमारे १०२ डेसिबल आवाज देतो. माझ्या इंटरफेसच्या पुस्तिकेत हेडफोन जॅकची कमाल पातळी ७ डीबीयू अशी लिहिलेली होती. शून्य डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट, त्यामुळे ७ डीबीयू म्हणजे साधारण १.७३ व्होल्ट. यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या परिपथातून याहून फारसे जास्त मिळू शकत नाही, कारण लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पूर्ण ५ व्होल्ट वापरले तरी तिचे प्रभावी मूल्य १.७७ व्होल्टच भरते. आवाजाच्या हिशेबात हे जेमतेम १०७ डेसिबलचे शिखर झाले.

बाजारात आलेले तयार गाणे ऐकायला १०७ डेसिबल पुरेसे आहेत, किंबहुना जास्तच आहेत, आणि म्हणूनच अनेक जण ‘२५० ओहमला ॲम्पची गरज नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतात. माझे काम मात्र कच्च्या ध्वनिमुद्रणाचे आहे. निवेदकाचा मूळ आवाज फाटू नये म्हणून त्याची शिखरे पूर्ण पातळीच्या (ध्वनिमुद्रणात मावणाऱ्या कमाल मर्यादेच्या) १२ डेसिबल खाली ठेवलेली असतात आणि सरासरी तर ३० ते ३५ डेसिबल खाली असते. ऑडिबल या ऑडिओबुक विक्रेत्यासाठी पुस्तके स्वीकारणाऱ्या एसीएक्सच्या नियमानुसार पार्श्वभूमीचा गोंगाट उणे ६० डेसिबलच्याही खाली असावा लागतो. तो गोंगाट मला कानाने तपासायचा असतो, आणि इंटरफेसचे बटण पूर्ण फिरवूनही तो ४७ डेसिबलच्या आसपास, म्हणजे खिडकीबाहेरच्या रहदारीत बुडालेला असे. सॉफ्टवेअरमध्ये पातळी तात्पुरती वाढवता येते, परंतु त्यानंतर येणारा पहिलाच ठासून उच्चारलेला शब्द फाटतो आणि फाटलेपणा मूळ ध्वनिमुद्रणात आहे की आपण वाढवल्यामुळे आला आहे, हे कळत नाही. मला आणखी ८ ते १० डेसिबल हवे होते. ११५ डेसिबलच्या शिखरासाठी या हेडफोनला सुमारे साडेचार व्होल्ट, म्हणजे ८० मिलिवॅट लागतात. माझी गरज इतकी स्पष्ट होती.

इतक्या स्पष्ट गरजेला इतके अस्पष्ट उत्तर मिळेल, असे मला वाटले नव्हते. माझ्या अंदाजपत्रकात बसणाऱ्या एका ॲम्पच्या खोक्यावर ‘१००० मिलिवॅट, ३२ ओहम’ एवढा एकच आकडा होता आणि त्याखाली ती ६०० ओहमची ओळ. ३२ ओहमवरच्या १००० मिलिवॅटचे ५.६६ व्होल्ट होतात, आणि हेडफोनचे ओहम वाढल्याने ॲम्पचे कमाल व्होल्ट कमी होत नाहीत, त्यामुळे २५० ओहमवर निदान १२८ मिलिवॅट मिळायला हवेत. कागदावर काम झाले होते. पण हे १००० मिलिवॅट एका बाजूचे की दोन्ही बाजू मिळून, विकृती (मूळ लाटेचा आकार बिघडण्याचे प्रमाण) १ टक्का असताना मोजलेले की १० टक्के, आणि मुख्य म्हणजे ते कोणत्या जॅकवरचे, याविषयी खोक्यावर अक्षरही नव्हते. त्या ॲम्पला साध्या जॅकखेरीज बॅलन्स्ड जॅकही होता, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन स्वतंत्र तारा लागणारा. बॅलन्स्ड जॅकवर सर्वसाधारणपणे दुप्पट व्होल्ट, म्हणून चौपट शक्ती मिळते, आणि जाहिरातीत तोच आकडा घालण्याचा मोह कंपन्यांना होतो. डीटी ९९० प्रोची गुंडाळी केबल हेडफोनला कायमची जोडलेली आणि तीन तारांची असल्यामुळे बॅलन्स्ड जॅक माझ्या काहीच उपयोगाचा नव्हता. आकडा त्या जॅकचा असेल, तर मला मिळणार होते २.८३ व्होल्ट, आणि ते माझ्या गरजेला पुरेसे नव्हते.

दुकानात विचारले तेव्हा ‘मॅडम, सहाशे ओहमपर्यंत चालतो, तुमचे तर अडीचशेच आहेत’ असे उत्तर मिळाले. खोक्यावरची ओळ लोकांच्या मनात नेमका हाच समज रुजवते. ‘चालतो’ म्हणजे आवाज येतो, एवढेच खरे; किती येतो, हे त्यात कुठेच नाही. माझा स्वतःचा हेडफोन आणून मोजून बघू का, असे विचारल्यावर सीलबंद खोके उघडता येणार नाही, असे सांगण्यात आले. ऑनलाइन घेतल्यास फक्त सदोष वस्तू बदलून मिळणार होती. आवाज कमी पडतो हा दोष धरला जात नाही.

मग मी कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिले. पहिले उत्तर आले ते उत्पादनाच्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून. मी पुन्हा विचारले, तेव्हा माझ्याकडे बिलाची प्रत आणि अनुक्रमांक मागण्यात आला. मी अजून वस्तू घेतलेली नाही आणि घ्यावी की नाही हेच ठरवण्यासाठी विचारते आहे, असे कळवल्यावर तक्रार ‘निकाली’ काढल्याचा संदेश आला. निकाली काढलेली तक्रार पुन्हा उघडली की ती नव्या माणसाकडे जाते आणि तो माणूस पहिल्यापासून तेच विचारतो. हेडफोनचा आवाज कमी येत असल्यास केबल नीट बसली आहे का ते तपासावे, असाही सल्ला मला देण्यात आला. हे सगळे चालू असताना एका पुस्तकाचे संपादन हातात होते आणि त्यातली पार्श्वभूमीची घरघर मी जुन्या, बंद कपांच्या हेडफोनवर अंदाजाने काढत होते, याची चीड अधिक होती. ज्या वस्तूचे कामच व्होल्ट पुरवणे हे आहे, ती बनवणाऱ्याला ती किती व्होल्ट पुरवते हे सांगता येऊ नये, हे मला अजूनही पटत नाही. २०११ साली एका अभियंत्याने टोपणनावाने ‘ओ२’ नावाच्या हेडफोन ॲम्पची रचना सर्वांसाठी खुली करून टाकली; त्यात वेगवेगळ्या ओहमवरची मोजमापे, विकृतीचे आकडे, सारे काही त्याने मांडून ठेवले होते. एकट्या माणसाला फुकट जमलेली गोष्ट विक्री करणाऱ्या कंपनीला जमायला हवी.

शेवटी त्या ॲम्पचा नाद सोडून मी दुसऱ्या एका कंपनीला लिहिले, आणि या वेळी प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. ‘हा ॲम्प माझा हेडफोन चालवेल का?’ असे विचारायचेच नाही, कारण त्याला ‘हो’ म्हणणे सर्वांत सोपे असते. मी लिहिले: ६.३५ मिलिमीटरच्या जॅकवर, दोन्ही बाजू चालू असताना, ३०० ओहमच्या भारावर, १ किलोहर्ट्झला, विकृती १ टक्क्यापर्यंत जाण्याआधी, प्रत्येक बाजूला किती व्होल्ट मिळतात? २५० ऐवजी ३०० मी मुद्दाम लिहिले, कारण कंपन्यांची मोजणी बहुधा ३२, ३०० आणि ६०० ओहमवर झालेली असते आणि तयार आकडा मागितला की तो मिळण्याची शक्यता वाढते. हा प्रश्न ग्राहक सेवेच्या ठरावीक उत्तरांत बसत नसल्यामुळे तो अभियंत्याकडे गेला असावा. उत्तर एका ओळीचे होते: ५.५ व्होल्ट, सुमारे १०० मिलिवॅट, आउटपुट इम्पिडन्स १ ओहमपेक्षा कमी. ती ओळ वाचून मला जो आनंद झाला तो ॲम्प घरी आल्यावरही झाला नाही. त्याच दिवशी पैसे भरले.

आउटपुट इम्पिडन्सचा, म्हणजे जॅकच्या मागे ॲम्पच्या स्वतःच्या रोधाचा, आकडा मी मागितला नव्हता, तो त्यांनी आपणहून दिला, आणि तोही महत्त्वाचा आहे. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा तो कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. २५० ओहमला सुमारे ३० ओहमपर्यंत चालतात. पूर्वी आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोन ज्याला जोडायचा त्या जॅकसाठी १२० ओहमची शिफारस होती, आणि जुन्या स्टिरिओ रिसिव्हरमध्ये तर स्पीकरच्या तारेतूनच शेकडो ओहमच्या रोधामार्फत हेडफोन जॅक काढलेला असे. सेनहायझर एचडी ६५० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनचा इम्पिडन्स खर्जाच्या भागात ५०० ओहमच्या आसपास चढतो, त्यामुळे १२० ओहमच्या जॅकवर त्याचा खर्ज साधारण १ डेसिबलने फुगतो. ऐकायला तो गोड वाटेल. संपादनासाठी तो फसवा आहे.

स्टुडिओत जास्त ओहमचे हेडफोन का रूढ झाले, तेही यावरून कळते. एकाच ॲम्पला चार जणांचे हेडफोन समांतर जोडले तर २५० ओहमचे मिळून ६२.५ ओहम होतात, आणि ३२ ओहमचे मिळून अवघे ८. पहिला भार कोणताही बरा ॲम्प पेलतो, दुसऱ्यावर बहुतेक हेडफोन ॲम्प दमतात. शिवाय बारीक तारेचे वेटोळे हलके करता येते. मात्र ओहम जास्त म्हणजे चालवायला अवघड, असे सरसकट समजू नये. एकेजी के७०२ फक्त ६२ ओहमचा आहे, पण १ मिलिवॅटला तो ९३ डेसिबलच देतो, म्हणजे शक्तीच्या दृष्टीने माझ्या हेडफोनपेक्षा तोच अधिक मागतो.

संवेदनक्षमतेचे आकडे पाहताना ते मिलिवॅटला आहेत की व्होल्टला, हे आधी पाहावे. एचडी ६५० चे १०३ डेसिबल आणि माझ्या हेडफोनचे ९६ डेसिबल शेजारी ठेवले तर फरक मोठा वाटतो, पण पहिला आकडा १ व्होल्टचा आहे आणि दुसरा १ मिलिवॅटचा. दोन्ही व्होल्टमध्ये आणले की फरक उरतो जेमतेम १ डेसिबलचा.

ॲम्प आल्यावर मी तो स्वतः मोजला. बुधवार पेठेत तापकीर गल्लीतून पाव वॅटचे २७० ओहमचे रोध आणले, ते हेडफोनच्या जागी प्लगला जोडले, संगणकावरून १०० हर्ट्झचा सूर वाजवला आणि आवाज वाढवत मल्टिमीटरने एसी व्होल्ट वाचले. कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या अगदी जवळचा आकडा मिळाला आणि त्याचे समाधान आजही आहे. हे करताना हेडफोन काढलेलाच असावा, हे सांगायला नको. सर्वांत स्वस्त मल्टिमीटरमध्ये एसीची किमान मर्यादा २०० व्होल्ट असते आणि त्यावर एक-दोन व्होल्टमधला फरक नीट दिसत नाही. २ आणि २० व्होल्टची एसी मर्यादा असलेला मीटर कोणाकडून तरी मागून आणावा. सूरही ५० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवावा, कारण साधे मीटर त्यापुढे विश्वासाचे राहत नाहीत. जुन्या इंटरफेसचा आउटपुट इम्पिडन्सही याच रीतीने काढला: आवाज कमी ठेवून भाराविना ०.५० व्होल्ट, ३३ ओहमचा रोध लावल्यावर ०.३८ व्होल्ट, म्हणजे सुमारे १० ओहम. इंटरफेसचे तेवढे तरी चांगले होते.

ॲम्पचे गेन बटण, म्हणजे आलेला सूर किती पट वाढवायचा ते ठरवणारे, खालच्या स्थितीत ठेवावे. गेन वाढवल्याने शक्ती वाढत नाही, फक्त तीच मर्यादा आवाजाचे बटण थोडे फिरवल्यावर गाठली जाते, आणि त्या बटणाच्या अगदी सुरुवातीच्या भागात डावा-उजवा समतोल बिघडलेला असतो. इंटरफेसच्या मागच्या लाइन आउटपुटमधून ॲम्पला जोडताना टीआरएस (टोक, कडी आणि दांडा असे तीन भाग असलेला प्लग) ते आरसीए (स्टिरिओ उपकरणांचा साधा गोल प्लग) केबल लागते. आउटपुट दोन्ही तारांवर स्वतंत्रपणे चालवलेले असेल, तर प्लगमधली मधली कडी जमिनीला न जोडता मोकळी सोडलेली केबल घ्यावी.

आता या जोडणीतून ११७ डेसिबलपर्यंत आवाज निघू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, आणि संपादन करणाऱ्याचे ४० तास सहज भरतात. गोंगाट ऐकण्यासाठी वाढवलेला आवाज पुढचा परिच्छेद सुरू करण्याआधी खाली आणावा, आणि प्लग घालण्यापूर्वी बटण प्रत्येक वेळी शून्यावर न्यावे. मी ॲम्पच्या बटणावर नेहमीच्या कामाची जागा पांढऱ्या रंगाच्या ठिपक्याने दाखवून ठेवली आहे.