श्वास ऐकू आला तो रविवार: अल्बर्ट हॉलमधली युक्रेनी मैफल

त्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे लंडनला आली होती. ३१ जुलै २०२२ च्या रविवारी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्समध्ये, म्हणजे बीबीसीच्या उन्हाळी संगीत महोत्सवात, युक्रेनियन फ्रीडम ऑर्केस्ट्रा वाजवणार होता. ७५ वादक: काही युक्रेनमधून आलेले, काही रशियाच्या हल्ल्यामुळे नुकतेच निर्वासित झालेले, काही युरोपातल्या इतर वाद्यवृंदांत नोकरी करणारे. सगळे वॉर्सॉत जमले, तालमी तिथेच झाल्या आणि २८ जुलैला पहिली मैफलही तिथेच. आम्ही ऐकला तेव्हा हा वाद्यवृंद जेमतेम दोनेक आठवड्यांचा होता.

रुळांच्या कामांमुळे रविवारी गाड्या रद्द होतात, आमचीही झाली. तास-दीड तास हाताशी ठेवूनच निघा. साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून भुयारी वाटेने एक्झिबिशन रोडला निघून चालत जाता येतं, पण सोबत गुडघे दुखणारं माणूस असेल तर ९ किंवा ५२ नंबरची बस बरी, हॉलजवळच उतरवते.

उभ्याची तिकिटं स्वस्त असतात, हल्ली साधारण आठ पौंड, आणि त्याच दिवशी ऑनलाइन सुटतात. खालच्या अरिनात मंचाच्या अगदी पुढ्यात उभं राहता येतं, पण मैफल चालू असताना खाली बसता येत नाही. वरच्या गॅलरीत मात्र लोक सतरंजीसारखं काहीतरी अंथरून बसतात, आडवेसुद्धा होतात. सवाईला जमिनीवर बसून रात्री काढलेल्या आईला ते लगेच आपलंसं वाटलं. हॉलमध्ये उकडतं, पाणी जवळ ठेवा.

सुरुवात वालेंतिन सिल्वेस्त्रोव यांच्या सातव्या सिंफनीने, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेने, झाली. कीव्हला १९३७ साली जन्मलेले हे संगीतकार त्या मार्चमध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, घर सोडून बर्लिनला गेले होते. सिंफनी २००३ ची, एकसलग, वीसेक मिनिटांची. आधी खळबळ, मग पियानोवर अगदी साधी, अर्धवट आठवल्यासारखी धून. शेवटी सुषिरवादक, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचे वादक, सूर न काढता वाद्यात नुसता श्वास सोडतात. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो श्वास वर गॅलरीपर्यंत आला. आईने माझा हात धरला. माझी एकच कळकळीची विनंती: ही सिंफनी कुठे वाजणार असेल, तर घरी दोनदा ऐकूनच जा. ब्राम्ससारख्या ओळखीच्या संगीतकाराची तयारी करून नव्याला कोरं जाणं म्हणजे अर्धी मैफल गमावणं.

कारण पुढचं सगळं त्या श्वासाशी बांधलेलं होतं. आना फेदोरोव्हा यांनी पोलंडच्या शोपँचा दुसरा पियानो कन्चर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, वाजवला. विशीतल्या शोपँने तो १८३० मध्ये वॉर्सॉत पहिल्यांदा सादर केला, त्याच वर्षी देश सोडला आणि पुन्हा परतला नाही. संथ दुसरा भाग ऐकताना मला पहिल्या पंक्तीतल्या वादकांचे चेहरे पाहवेनात. मग ल्युदमिला मोनास्तिर्स्का यांनी बीथोव्हनच्या ‘फिडेलिओ’ या ऑपेरातलं लिओनोरचं गाणं गायलं: नवऱ्याला तुरुंगातून सोडवायला पुरुषवेशात आलेली बायको. अर्थ सांगावा लागला नाही.

शेवटी ब्राम्सची चौथी सिंफनी, संचालन केरी-लिन विल्सन यांचं. ट्रॉम्बोन या पितळी वाद्याच्या वादकांकडे लक्ष ठेवा. तीन भाग ते हातावर हात ठेवून बसतात, चौथ्यात पहिल्या सुरालाच उभा हॉल हलतो. आठ बारची, म्हणजे तालाच्या आठ आवर्तनांएवढी, एक ओळ; ती तीस वेळा नवं रूप घेऊन येते. विलंबित ख्यालात मुखडा परत येण्याची वाट पाहणाऱ्याला ही रचना परकी वाटत नाही. ब्राम्स मी अनेकदा ऐकलाय, इतका तातडीचा कधीच नाही.

मग युक्रेनचं राष्ट्रगीत. सगळे उभे.

परतीच्या बसमध्ये आई बराच वेळ गप्प होती. हाइड पार्क मागे पडल्यावर तिने मूठ ओठांशी धरली, हळूच फुंकर घातली आणि विचारलं, “असंच ना रे?”