मेडशीच्या अलीकडचं पाणी

पंढरपूरच्या पायी वारीत शेगाव, नागझरी, पारस, अकोला कधी मागे पडलं आठवतच नाही, सगळे दिवस एकमेकांत मिसळलेत. पातूरहून मेडशीकडे जातानाची दुपार तेवढी पक्की आठवते, कारण दोन्ही टाचांना फोड आलेले आणि डावा फुटलेला. मृग कोरडा गेला होता, डांबर तापलेलं, चप्पल घालवत नव्हती आणि काढवतही नव्हती, मागून टाळ वाजत होते आणि खरं सांगते, मला टाळांचाही राग येत होता.

पावसासाठी दिंडीतले सगळेच साकडं घालतात. पडला तर माउलीची कृपा, नाही पडला तर आपली भक्ती कमी. एमएला मी फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत शिकले होते. अमेरिकेत एका छोट्या पंथाने २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार म्हणून सांगितलं, पूर आलाच नाही, तेव्हा म्हणाले की आपल्या श्रद्धेनेच जग वाचलं. श्रद्धा आणि समोरचं जुळत नसलं की मनाला टोचतं, मग ते कारण शोधून जुळवून घेतं, असं फेस्टिंगरने १९५७ मध्ये मांडलं. पावसाचं मीही असंच जुळवते, आणि त्याची मला लाज नाही. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलेल्या घराला काहीतरी धरून उभं राहावंच लागतं.

रस्त्याकडेच्या वस्तीतून एक म्हातारी बाहेर आली. "अशी कशी चालशीन वं माय? बस अठी." माझा धुळीने भरलेला पाय तिने सरळ मांडीवर घेतला. सुई तापवली, दोरा ओवून फोडातून आरपार काढला, पाणी झिरपत राहावं म्हणून दोरा आतच ठेवला, खोबरेल लावलं, लुगड्याची चिंधी बांधली. हात इतका हलका की मला रडू आलं. मग माठातलं गडूभर पाणी. "पे पोरी."

तेवढ्यात दिंडीतले एक काका जवळ येऊन म्हणाले, त्या वस्तीतलं पाणी नको घेऊ. का म्हटलं तर, पोट बिघडते. पातूरला रस्त्यावरच्या ड्रममधलं पाणी आम्ही सगळेच न विचारता प्यायलो होतो. आणि त्याच सकाळी चोखोबांचा अभंग म्हणताना याच काकांचे डोळे भरून आलेले, अगदी खरे, मला त्यात शंका नाही, म्हणूनच जास्त लागलं. आमच्या बुलढाण्यातलं मेहुणाराजा चोखोबांचं जन्मगाव मानतात. त्यांना देवळाबाहेर ठेवलं, आणि तेच दार सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

न पडलेल्या पावसाला कारण देता येतं. इथे म्हातारी गडू धरून उभी होती आणि सगळं ऐकत होती. तिच्यासमोर कोणतं कारण देणार? माझं मन तरी इथून पुढे जात नाही.

मी गडू रिकामा केला, अजून मागितला.

रात्री हरिपाठानंतर दिंडीप्रमुखांना सांगितलं, पुढच्या वर्षी चहाचा थांबा त्या वस्तीत ठेवा. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही, नाहीतर माझं नाव यादीतून काढा, पंढरपूरला मी माझी एकटी जाईन.