चिलखत कुठलं करायचं? स्टारशिप ट्रूपर्स आणि कोकणची दमट हवा

स्टारशिप ट्रूपर्स या अंतराळयुद्धाच्या विज्ञानकथेतल्या मोबाईल इन्फंट्रीच्या, म्हणजे राक्षसी किड्यांशी लढणाऱ्या पायदळाच्या, सैनिकाचा वेष करायचा म्हटलं की सगळे आधी फोम कुठे मिळेल ते विचारतात. त्याआधी ठरवायचं ते वेगळंच. सैनिक कुठल्या अवतारातला? 1959 ची रॉबर्ट हाइनलाइन यांची कादंबरी, 1976 चा ॲव्हलॉन हिलचा बोर्डगेम, 1988 ची सहा भागांची जपानी ॲनिमेशन मालिका, 1997 चा पॉल व्हर्होव्हन यांचा सिनेमा, 1999 ची संगणकी ॲनिमेशनची मालिका, आणि पुढचे सिनेमे नि व्हिडिओ गेम. रिको नावाचा पोरगा बहुतेक ठिकाणी भेटतो, पण त्याच्या अंगावरचं चिलखत प्रत्येक ठिकाणी बदलतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: कोकणात अंगावर घालून फिरायचं असेल तर सिनेमातलं करा. पुस्तकातलं चिलखत उभ्या देखाव्यासाठी किंवा कपाटातल्या मॉडेलसाठी ठेवा.

कारण पुस्तकातलं चिलखत हा कपडा नव्हेच, ते यंत्र आहे. पूर्ण सामानासकट त्याचं वजन अंदाजे 2000 पौंड, म्हणजे 900 किलोच्या आसपास, असं निवेदकच सांगतो. दिसायला पोलादी गोरिला. आत शेकडो दाब-संवेदक. आतल्या माणसाने हात उचलायला घेतला की तो दाब ओळखून चिलखत स्वतःचा हात उचलतं. त्यामुळे दांडे, बटणं काही नाहीत, हातात शस्त्रं धरता येतात. डोकं झटकलं की इन्फ्रारेड दुर्बीण कपाळावर सरकते, पुन्हा झटकलं की डोळ्यांवर येते. मरॉडर, कमांड आणि स्काउट असे तीन प्रकार. पाठीवर जेट, म्हणून हे पायदळ चालत नाही, उड्या मारत जातं. पुस्तकातली सगळी युद्धनीती या उड्यांवर उभी आहे: दोन सैनिकांमधलं अंतर मैलांत मोजायचं. चिलखत काढलं तर त्या पानांना अर्थच राहत नाही.

सिनेमाने नेमकं तेच काढलं. व्हर्होव्हन यांनी पुस्तक पूर्ण वाचलं नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. पटकथाकार एडवर्ड न्यूमायर यांचा मसुदाही मुळात वेगळ्या नावाचा होता; पुस्तकाचे हक्क नंतर आले. पण खरा हिशोब पैशांचा असावा असं मला वाटतं. फिल टिपेट यांच्या स्टुडिओने शेकड्यांनी किडे पडद्यावर आणले, आणि त्याच पैशांत उड्या मारणारी चिलखतं बसणं कठीणच होतं. मग सैनिकांना मिळालं हेल्मेट, छाती-पाठीचं कवच आणि खाली राखाडी गणवेश. त्यातली काही हेल्मेटं आणि कवचं पुढे 2002 च्या फायरफ्लाय मालिकेतल्या सैनिकांच्या अंगावर दिसली. यावरून कळतं की हा सामान्य नाटकाच्या पेटीतला ऐवज आहे, आणि म्हणूनच तो घरी करता येतो.

जपानात उलटं झालं. हायाकावा या प्रकाशकाने 1977 मध्ये काढलेल्या कादंबरीच्या खिशातल्या आवृत्तीसाठी स्टुडिओ नुए या चित्रकारांच्या संस्थेतल्या काझुताका मियाताके यांनी चिलखत आखलं आणि नाओयुकी कातो यांनी ते रंगवलं. 1979 च्या गुंडाम या यंत्रमानवांच्या ॲनिमेशन मालिकेमागे या चित्रांचा हात होता. 1988 च्या मालिकेत याच धर्तीचं रूप चाललं-धावलं. वेव्ह कंपनीचं 1/20 मापाचं प्लास्टिक मॉडेलही याच रूपाचं. पुस्तकाशी सगळ्यात प्रामाणिक चिलखत जपान्यांचं, यावर वाद घालायला मी तयार आहे. अमेरिकन बाजूला 1999 ची मालिका थोडी भरपाई करते. तिचे 40 भाग ठरले होते, 36 झाले, आणि गोष्ट ऐन लढाईत तुटली. 2008 च्या तिसऱ्या सिनेमात मरॉडर येतात ते अगदी शेवटाला, तोंडाला पानं पुसल्यासारखे. शिंजी आरामाकी यांच्या 2012 आणि 2017 च्या ॲनिमेशनपटांत चिलखत पुन्हा जड झालं, पण ते अंगावर चढवायचं तर आधी व्यायामशाळा लावावी लागेल.

आता कामाचं.

सामान, साधारण 100 सेंमी छातीच्या माणसासाठी: 60 × 60 सेंमीच्या, 10 मिमी जाडीच्या, दातेरी कडांच्या जिमच्या मॅट चार (ईव्हीए फोम). हेल्मेट आणि वरच्या पट्ट्यांसाठी 5 मिमीचा ईव्हीए शीट एक चौरस मीटर. चप्पल बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. सुतार सनमायका चिकटवायला वापरतात तो रबरी गोंद अर्धा लिटर. 25 मिमी रुंदीची नायलॉनची पट्टी चार मीटर, प्लास्टिकचे बकल सहा. हीट गन, मोडत्या पात्याचा कटर, आणि पाती भरपूर. फोम पातं लवकर बोथट करतो, आणि बोथट पात्याने कड फाटते, कापली जात नाही.

माप काढायला जुना टी-शर्ट घालून वरून स्वयंपाकघरातली प्लास्टिक फिल्म गुंडाळा, त्यावर मास्किंग टेप. पेनने मधली रेघ, बगलेखालची रेघ, बरगड्यांवरचे आडवे पट्टे आखा, खुणेच्या काट्या मारा आणि कापून सोडवा. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात: अंगावरचं माप जसंच्या तसं फोमवर उतरवतात. 10 मिमी फोम गोल वळला की बाहेरचा परीघ आतल्यापेक्षा सुमारे 6.3 सेंमी जास्त असतो. शिवाय अंग आणि फोम यांच्यात हवेसाठी बोटभर, म्हणजे 1 सेंमी, जागा हवी, त्याचेही तेवढेच. म्हणजे अंगाचा घेर 100, फोमचा आतला घेर 106, बाहेरचा 112 ते 113. हे धरलं नाही तर बगलेखाली सांधा उघडतो आणि दोष गोंदाला जातो.

काटकोनात येणाऱ्या कडा दोन्ही बाजूंनी 45 अंशांत तिरप्या कापायच्या. छातीचा फुगवटा हीट गनने: फोम मऊ होईपर्यंत तापवा, मोठ्या टोपावर दाबून थंड होईस्तोवर धरा. आकार दिल्यावरच पृष्ठभागावर एकदा झरझर गरम हवा फिरवा. चमक आली की छिद्रं मिटली. हे राहिलं तर रंग पितच राहतो.

गोंदाचं काम पावसाळ्यात सगळ्यात जास्त बिघडतं. डब्यावर लिहिलेलं असतं: दोन्ही बाजूंना लावा, 10-15 मिनिटं सुकवा, दाबा. जुलैत रत्नागिरीला किंवा मालवणला तसं केलं तर सांधा दुसऱ्या दिवशी हाताने सुटतो. 27 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असेल तेव्हा दवबिंदू 25 अंशांच्या जरा वर असतो. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो. दोन अंश उतरले की हवेतलं पाणी गोंदावर बसतं. तिरपं धरून पाहिलं तर चकाकी जाऊन पांढुरका पापुद्रा दिसतो. तो आला की दाबू नका. जानेवारीत 25 अंशांना आर्द्रता 50 टक्के असेल तर दवबिंदू 14 च्या आसपास असतो, म्हणून तेव्हा तोच गोंद मुकाट्याने चिकटतो.

उपाय असा. फोमचे तुकडे गोंद लावण्याआधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, मग ड्रायर दूर ठेवा. गोंद पातळ लावा, जाड थर आत ओला राहतो. सुकायला 25 ते 30 मिनिटं द्या. बोट लावल्यावर चिकट वाटावं पण तार ओढली जाऊ नये. पंखा खोलीत फिरता असू दे, थेट तुकड्यावर नको, कारण त्याने पृष्ठभाग आणखी थंड होतो. पापुद्रा आलाच तर पूर्ण सुकू द्या आणि वरून एक पातळ हात पुन्हा द्या. या गोंदाची वाफ पेट घेते. पडवीत बसून करा, पण शेजारी चूल, देवाजवळची समई किंवा चालू हीट गन नको. एकदा कडा टेकल्या की सरकवता येत नाही, म्हणून मधल्या खुणेपासून बाहेरच्या दिशेने जोडत जा.

रंगाखालचा थर म्हणून परदेशी व्हिडिओत लाकडाचा पांढरा गोंद पाणी घालून लावतात. इकडे तो नको. दमट हवेत तो मऊच राहतो, आणि दोन चिलखतं एकावर एक ठेवली तर भाकऱ्यांसारखी चिकटतात. त्यापेक्षा गच्चीवर मारतात ते लवचीक ॲक्रिलिक वॉटरप्रूफ कोटिंग घ्या, पाचाला एक पाणी घालून दोन हात, मध्ये एक अख्खी रात्र. ते फोमबरोबर वाकतं, तडकत नाही. वर साधा ॲक्रिलिक रंग: गडद राखाडी, मग कडांवर फाटक्या स्पंजने चंदेरी ठिपके. ठिपके जिथे घासलं जातं तिथेच, म्हणजे खांदा, पोटाची कड, हेल्मेटचा कपाळपट्टा. सगळीकडे मारले तर खरचटल्यासारखं दिसायचं सोडून चिलखत गोवर आल्यासारखं दिसतं. शेवटचं मॅट व्हार्निश स्प्रेच्या डब्यातून पावसाळ्यात मारू नका, वर सांगितलेल्या कारणानेच ते पांढरं पडतं. पाण्यात मिसळणारं, ब्रशने लावायचं घ्या.

रिव्हेट आणि कड्या साध्या लोखंडी असतील तर समुद्राकाठी लवकरच तांबूस ओघळ येतात. सिनेमातल्या मळक्या चिलखतावर ते शोभतात असं कोणी म्हणेल, पण पट्टी तुटते तेव्हा शोभा संपते. पितळी किंवा स्टेनलेस घ्या. पट्टी फोमला नुसती चिकटवू नका. मागून 5 × 5 सेंमीचा तुकडा लावा, म्हणजे ओढ पसरते.

उकाडा हा या वेषाचा खरा शत्रू, किडे नंतर. पाठीच्या कवचात 5 व्होल्टचे दोन छोटे ब्लोअर आणि 10,000 एमएएचची पॉवर बँक बसवा. दोन्ही मिळून 2 वॉट घेत असतील तर नुकसान धरूनही बारा तासांच्या पुढे चालतात. हवा कंबरेकडून आत, मानेकडून बाहेर. मात्र आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असताना घाम फारसा उडत नाही, पंख्यावर विसंबू नका. वीस मिनिटं घालायचं, मग काढायचं, पाणी प्यायचं. आत सुती बनियन, सिंथेटिक नको.

बंदुकीचं जपून. सिनेमातली मोरिता रायफल म्हणजे रुगर कंपनीच्या बंदुकीवर बुलपप (म्हणजे यंत्रणा घोड्याच्या मागे असलेल्या, आखूड बंदुकीचा) साचा चढवून केलेलं सोंग. आपण 32 मिमी पीव्हीसी पाइप, प्लाय आणि उरलेल्या फोममध्ये करतो. पण 1993 मध्ये शेखाडीला स्फोटकं उतरली आणि 2008 मध्ये मुंबईचे हल्लेखोर समुद्रातूनच आले, तेव्हापासून या किनाऱ्यावर बंदुकीच्या आकाराची वस्तू हा थट्टेचा विषय नाही. नळीचं टोक भडक नारिंगी रंगवा, जेटी, फेरीबोट आणि एसटीत पिशवीबाहेर काढू नका, आणि फोटोला जाताना जवळच्या पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा.

सिनेमातल्या गुप्तचर अधिकाऱ्याचा तो लांब काळा कोट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. व्हर्होव्हन यांनी तो नाझी गणवेशावरून मुद्दाम घेतला, टोमणा म्हणून. संदर्भ काढला की टोमणा जातो आणि नुसता गणवेश उरतो. तसाही चामड्याचा कोट इथे आगोटीनंतर बुरशीच्याच मालकीचा.

फोटोसाठी क्लेंडाथू, म्हणजे किड्यांचा तो ओसाड ग्रह, शोधायला लांब जायला नको. रत्नागिरी-राजापूरचे सडे मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळून उघडे पडतात, काळपट जांभा आणि वर आभाळ. सकाळी सूर्य वर यायच्या आत उरका. दुपारी कातळ इतका तापतो की ठेवलेला फोम मऊ पडून हीट गनने दिलेला आकार सोडतो. बंद गाडीत तर हमखास. आणि पाय टाकण्याआधी खाली बघा. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी इथली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांच्यावर बूट घालून उभं राहायचं नाही, ट्रायपॉड टेकवायचा नाही, रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू तर अजिबात फिरवायचा नाही.

घरी आल्यावर चिलखत ओल्या फडक्याने आतून पुसा, सावलीत उघडं वाळवा. खुंटीला टांगू नका, खांद्याच्या पट्ट्या लांबतात. आत जुनी वर्तमानपत्रं कोंबून, छाती वर करून माळ्यावर ठेवा आणि पावसाळाभर पंधरा दिवसांनी कागद बदला.