ठासणीची बंदूक, म्यूल डिअर आणि गनिसनची पाहणी

विचिटा सोडलं की कॅन्ससचा सपाट मुलूख संपता संपत नाही. डॉज सिटी, गार्डन सिटी, मग कोलोरॅडोतलं लामार, प्यूब्लो. सलायडानंतर मात्र हायवे ५० चढायला लागतो, मोनार्क पासला ११,३१२ फुटांवर पोचतो आणि पलीकडे गनिसनच्या खोऱ्यात उतरतो. ऑगस्टमधली ही फेरी फक्त पाहणीची होती. म्यूल डिअर या मोठ्या कानांच्या हरणाची शिकार सप्टेंबरात.

कोलोरॅडोत म्यूल डिअरचं लायसन्स दुकानातून सहज उचलता येत नाही. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ठरावीक युनिटसाठी, म्हणजे शिकारीच्या विभागासाठी, अर्ज करायचा, मग सोडत. नंबर लागला नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे पुढच्या सोडतीत अग्रक्रम देणारा गुण, पदरात. बाहेरच्या राज्यातल्यांना फी कितीतरी जास्त. शिकार म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळावर आठ्या येतात, कारण भारतात १९७२ च्या कायद्यापासून ती जवळपास बंदच आहे. इथे राज्यांची वन्यजीव खाती बरीचशी याच लायसन्सच्या पैशांवर आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवर लागणाऱ्या केंद्रीय करावर चालतात. मला ही व्यवस्था मनापासून पटते.

मझललोडर म्हणजे कोकणात अजूनही ऐकू येते ती ठासणीची बंदूक, फक्त नव्या घडणीची. तिचा मोसम सप्टेंबरच्या मध्यावर, रायफलवाल्यांच्या आधी. गर्दी कमी, आणि नर अजून उन्हाळी कुरणात, उंचावर असतात. बदल्यात नियम कडक आहेत: बंदुकीवर दुर्बीण लावायची नाही, बंदुकीची दारू सुटीच हवी, वड्यांच्या रूपातली चालत नाही, गोळीभोवती प्लॅस्टिकचं वेष्टनही नाही. अंगावर भगव्या किंवा गुलाबी भडक रंगाचं जाकीट आणि डोक्यावर तशीच टोपी. दारू मापून नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, आणि मग एकच बार. शंभर यार्डांपलीकडे मी तो उडवणार नाही, हे ठरलेलं आहे. ही दारू आणि केपा (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) विमानात कुठल्याही सामानात नेता येत नाहीत, म्हणून गाडीनेच जायचं.

गनिसनच्या उत्तरेला ओहायो क्रीकचा रस्ता धरला. खालची सपाटी रँचवाल्यांची आहे. कुंपण किंवा पाटी नसली तरी परवानगीवाचून त्यांच्या जमिनीवर शिकार करता येत नाही, म्हणून मालकीच्या हद्दी दाखवणारा नकाशा फोनवर उतरवून घेतला होता. मिल क्रीकची वाट वेस्ट एल्क वाइल्डरनेस या राखीव रानात शिरते आणि समोर कॅसल्स नावाचे खडकाचे सुळके उभे राहतात. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाचे पाय तिथे आपोआप थांबतात.

उजाडताना एका धारेवर बसून दुर्बिणीने समोरचा उतार चाळत होतो. झाडांची रेघ संपते तिथे तीन नर चरत होते, शिंगांवर अजून मखमली कातडी. मोठाले कान सतत फिरते. ऊन चढलं तसे ते स्प्रूसच्या झाडांच्या सावलीत गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. सप्टेंबरात ती कातडी गळाली की ते उघड्यावर कमी येतात, त्यामुळे आताचं चराऊ रान नव्हे, तर ही सावलीची जागा मला महत्त्वाची वाटते. सकाळी गार हवा उताराने खाली वाहते, ऊन तापलं की वर. शंभर यार्डांत जायचं तर या वाऱ्याविरुद्धची वाट हवी, आणि ती अख्ख्या सकाळी पायाखाली घालून पाहिली. दुपारी ढग गडगडायला लागल्यावर खाली उतरलो; उघड्या धारेवर विजेशी खेळ नको, आणि ओलसर हवेत दारूही दगा देते.

खरी अडचण मांसाची. ते वाया घालवणं कायद्याने गुन्हा, आणि माझ्या लेखी पापच. सप्टेंबरची दुपार तापते, म्हणून लगेच सोलून, कापडी पिशव्यांत घालून, सावलीत टांगायचं. वाइल्डरनेसमध्ये चाकांच्या गाडीला मनाई, म्हणजे सगळं पाठीवर. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग इथल्या हरणांत आहे. त्यामुळे मेंदू-कणा तिथेच सोडून हाडं काढलेलं मांस कॅन्ससला न्यायचं, डोकं तपासणीला द्यायचं आणि निकाल आल्याशिवाय खायचं नाही.

ते तीन नर दिसले त्या कड्यापासून गाडीपर्यंत चढउतार फार आहे. एका माणसाने दोन खेपा करेपर्यंत मांस टिकणार नाही. म्हणून गनिसन सोडण्याआधी मांस घोड्यावरून खाली आणण्यासाठी एका घोडेवाल्याशी तारखांबद्दल बोलून ठेवलं. त्याला जमलं तर वरचा कडा, नाहीतर वाटेजवळचं खालचं अस्पेनच्या झाडांचं रान, जिथे मादीच दिसली होती.