आईच्या खात्यातले अठ्ठावीस दिवस

आमची आई ६१ वर्षांची, साताऱ्यात ३० वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेली. सध्या ती इंग्लंडात लीड्सला संग्रहालयशास्त्रात एम.ए. करते आहे. लोक मला विचारतात, या वयात तिला विद्यार्थी व्हिसा मिळाला कसा? वयाचा काही प्रश्नच आला नाही. प्रश्न आला तो बँकेच्या एका कागदाचा, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितोय.

सुरुवात वाघनखांपासून झाली. जुलै २०२४ मध्ये ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली, तेव्हा आई रांगेत उभी राहून बघून आली. सगळे वाघनखं बघत होते, ही पेटी बघत होती. काच केवढी, दिवा कुठून सोडलाय, पाटीवर काय लिहिलंय आणि काय गाळलंय. घरी येऊन म्हणाली, "हे शिकवतात का रे कुठे?" आम्ही हसलो. तिने मात्र आठवड्याभरात ताईला फोन करून अभ्यासक्रमांची यादी मागवली. ताई लीड्सला नऊ वर्षं आहे.

नातेवाइकांचा सल्ला ठरलेला होता: शिक्षणबिक्षण कशाला, मुलगी तिकडे आहे तर कायमचं बोलावून घ्या. हे बोलायला सोपं. ब्रिटनमध्ये आईवडिलांना कायमचं आणण्यासाठी जो व्हिसा आहे, त्यात वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजच्या साध्या कामांनाही दुसऱ्याची मदत लागते आणि तशी मदत पैसे टाकूनही भारतात मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं. आमची आई रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येते. दुसरा पर्याय साध्या व्हिजिटर व्हिसाचा. त्यावरही मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ज्यांच्या आईला नुसती हौस आहे त्यांनी हाच रस्ता धरावा, निम्मी डोकेदुखी वाचते. आई म्हणाली, "प्रमाणपत्र नको, पदवी हवी." मावसभावाने जर्मनीचं पिल्लू सोडलं होतं, तिथे सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही म्हणून. पण तिथला विद्यार्थी दरातला आरोग्य विमा तिशीपर्यंतच मिळतो. आई तिशी ओलांडून ३१ वर्षं झाली.

मग राहिला ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा. त्याला वरची वयोमर्यादा नाही. बाबांना सोबत नेता येईल का, हे मी पहिल्याच दिवशी बघितलं. नाही. १ जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या अभ्यासक्रमांचे आणि सरकारी शिष्यवृत्तीवरचे विद्यार्थी सोडले तर कुणालाच कुटुंब नेता येत नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला. मी कुकर लावायला शिकतो."

आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, झाली. पुण्याच्या केंद्रावर पोरं तिला पर्यवेक्षक समजून बाकाचा नंबर विचारत होती. प्रवेश झाला. विद्यापीठाने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली, त्यात "या पदवीचा तुमच्या करिअरला काय उपयोग?" असं विचारलं. आई म्हणाली, करिअर झालं, आता काम करायचंय. गावागावांत लोकांच्या माळ्यावर मोडी कागद आणि तलवारी गंजत पडल्यात, त्यांची नोंद कशी करायची ते शिकून मी परत येणार. मला वाटलं बोंबललं. पण व्हिसाला लागतं ते विद्यापीठाचं पत्र, ज्याला सगळे 'कॅस' म्हणतात, ते आलं.

आता पैसे.

फीचा भाग सोपा निघाला. फी ताईने तिच्या खात्यातून विद्यापीठाला परस्पर भरली, 'कॅस'वर तशी नोंद झाली, विषय संपला. भारतातून पाठवली असती तर वर्षाला १० लाखांच्या पुढच्या रकमेवर बँकेने टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना आगाऊ कापला जाणारा कर) कापला असता, तोही वाचला. राहण्याच्या खर्चाचं तसं नाही. लंडनबाहेर महिन्याला १,१३६ पौंड, असे नऊ महिन्यांचे १०,२२४ पौंड खात्यात दाखवायचे. (हा आकडा २०२५ च्या उन्हाळ्यातला. नंतर वाढलाय, अर्ज करताना ताजा बघा.) आई राहणार ताईच्या घरी, जेवणार ताईच्या घरी. तरी दाखवायचे.

बरं, मग ताईच्या खात्यातले दाखवू. चालत नाहीत. पैसे अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यात हवेत, नाहीतर जोडीदाराच्या, पण तो जोडीदार तिकडे असला किंवा सोबत अर्ज करत असला तर. आणि तिसरे कोणाचे चालतात? अर्जदाराच्या आईवडिलांचे! नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विद्यार्थी म्हणजे वीस वर्षांचं पोर. म्हणजे नियमाप्रमाणे आईला शिकवायला ताई नालायक, पण कराडची ८४ वर्षांची आजी लायक. आजीला हे सांगितलं तर ती खरंच ट्रंकेतून पोस्टाचं पुस्तक काढायला उठली. पण त्यासाठी आईचा जन्मदाखला लागतो, आणि १९६४ साली घरी बाळंतपण झालेल्या आमच्या आईचा जन्म फक्त शाळेच्या दाखल्यावर आहे.

शेवटी ताईने आठ लाख पाठवले, एक मुदत ठेव मोडली, आणि २४ जूनला आईच्या पेन्शनच्या खात्यात १२ लाख १० हजार झाले. पौंड तेव्हा ११७ रुपयांच्या आसपास, म्हणजे वर जेमतेम बारा-चौदा हजारांची शिल्लक. खात्यातली रक्कम सलग २८ दिवस १०,२२४ पौंडांच्या खाली एकदाही जाता कामा नये. एक दिवस, एक रुपया जरी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पंचविसाव्या दिवशी, १८ जुलैला, बाबांच्या मेडिक्लेमचे ३८ हजार त्या खात्यातून आपोआप गेले.

मेसेज आईला आला होता. तिने तो वाचून बाबांना सांगितलं, "तुमचा हप्ता गेला बरं का." दोघांनाही बरं वाटलं. मला रविवारी जेवताना कळलं. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढंच की मोजणी सुरू व्हायच्या आधी मी स्वतः त्यातले सगळे ऑटो डेबिट बंद करायला हवे होते, आणि वर निदान लाखभर जास्तीचे ठेवायला हवे होते, कारण तिकडचे लोक अर्जाच्या दिवशीच्या दराने हिशोब करतात. तुम्ही तरी ठेवा. नशीब, आदल्याच दिवशी, शनिवारी, ताईने तिच्या मनाने दुसऱ्या कामाचे ५० हजार आईला पाठवलेले होते. त्यामुळे नवे २८ दिवस १९ जुलैपासून धरता आले. शेवटचा दिवस १५ ऑगस्ट.

सोमवारी १८ ऑगस्टला रजा टाकून पुण्याहून साताऱ्याला गेलो. पाऊस असा की खंबाटकीच्या घाटात वायपर चालतोय की नाही कळेना. खातं एका सहकारी बँकेत. नाव लिहीत नाही, पेन्शन अजून तिथेच येते.

काउंटरवरच्या बाईंनी छापील नमुना काढला: 'आज रोजी शिल्लक रुपये अमुक.' मी म्हणालो, मला २८ दिवसांची रोजची हवी.

"आज बारा लाख आहेत ना? मग काल पण असणारच की."

"ते तुम्हाला-मला कळतं मॅडम, त्यांना कागद लागतो."

"मग पासबुक भरून घ्या."

पासबुक भरलं. वर्षभर न भरल्यामुळे मशीनने जुन्या नोंदी एकत्र करून टाकल्या होत्या, आणि त्यात जुलै गडप. खातेउतारा मागितला. तो निघाला भोकं पाडलेल्या लांब कागदावर, रिबन इतकी फिकी की १२ चा २ वाटत होता. कागदावर बँकेचं नाव नाही, दुसऱ्या पानावर खातेदाराचं नाव नाही. पहिल्या पानावर होतं ते 'सौ. एस. डी.' आणि आडनाव. पासपोर्टवर पूर्ण नाव. त्यात आईचं लग्नात नावही बदललेलं, पदवीवर माहेरचं शालन, पासपोर्टवर सासरचं सुनीता. (पदवीचं कोडं आम्ही आधीच राजपत्रात जाहिरात आणि प्रतिज्ञापत्र देऊन सोडवलं होतं. ज्यांच्या आईचं असं असेल त्यांनी हे काम सगळ्यात आधी करा, बँकेच्याही आधी.)

"नाव पूर्ण करून मिळेल," बाई म्हणाल्या. "केवायसी फॉर्म, दोन फोटो. मुख्य कार्यालयातून होऊन येतं. आठ दिवस."

"तुम्ही लेटरहेडवर पत्र द्या ना."

"ते साहेब देतील."

साहेब बैठकीला गेले होते. मंगळवारी पावसामुळे आले नाहीत. मी दोन दिवस त्या लाकडी बाकावर बसून 'ठेवीदारांनी खात्री करून घ्यावी' ही पाटी पाठ केली. आईला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "अरे, मी सेवापुस्तकाच्या एका नोंदीसाठी शिक्षण विभागात चार महिने गेले होते." ते खरं असेल, पण त्याने माझं डोकं आणखी तापलं.

बुधवारी साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "द्यायला हरकत नाही, पण असलं इंग्रजी आमच्याकडे कुणी लिहीत नाही. तुम्हीच लिहून आणा." समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर बसून मी पत्र टाइप केलं: पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, 'सौ. एस. डी.' हीच ती व्यक्ती, खाते क्रमांक, १९ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात शिल्लक अमुक रकमेच्या खाली गेली नाही, पैसे कधीही काढता येतात. आई रिक्षाने आली होती. तिने पर्समधून लाल पेन काढून माझी दोन स्पेलिंगं गोल केली आणि एक वाक्य खोडलं. पुन्हा प्रिंट. लेटरहेडवर सही, उताऱ्याच्या प्रत्येक पानावर शिक्का. शिक्का आकड्यावर उमटू नये म्हणून मी टेबलावर बोट ठेवून दाखवत होतो, इथे मारा, इथे.

त्याच संध्याकाळी अर्ज भरला. उताऱ्याची शेवटची तारीख अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आतली हवी, हे लक्षात ठेवा, नाहीतर एवढं करून कागद शिळा होतो. व्हिसाचे ५२४ पौंड आणि आरोग्य अधिभाराचे १,१६४. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला अधिभार दीड वर्षाचा, कारण नंतरचे चार महिनेही त्यात धरतात.

पुण्याच्या केंद्रावर बोटांचे ठसे उमटेनात. खडू आणि भांडी, दुसरं काय. आधारच्या वेळीही हेच झालं होतं. तिथल्या मुलीने ओल्या टिश्यूने एकेक बोट पुसून घेतलं, तिसऱ्यांदा घेतले. वयस्कर माणसाला नेत असाल तर आठवडाभर आधीपासून हातांना खोबरेल लावा, हे तिनेच सांगितलं.

हां, टीबीची तपासणी राहिली सांगायची. मुंबईला मान्यताप्राप्त दवाखान्यात, छातीचा एक्स-रे, दाखला सहा महिने चालतो. एक्स-रेत काही जुना डाग दिसला तर थुंकीच्या चाचणीत दोन महिने जाऊ शकतात, म्हणून ही तपासणी शेवटावर ठेवू नका. आईचा स्वच्छ निघाला.

व्हिसा आला पितृपक्षात. आत्याने "या दिवसांत प्रवास नको" म्हणून फोन केला. विमान घटस्थापनेचंच मिळालं, २२ सप्टेंबरचं, म्हणून घरात शांतता राहिली.

ऑक्टोबरात त्याच बँकेतून मला फोन आला. आईच्या खात्यात बारा लाख नुसते पडून आहेत, मुदत ठेव करता का? मी म्हणालो, ठेवा तसेच. डिसेंबरात बाबांना व्हिजिटर व्हिसावर पाठवायचंय, त्यांचं नाव आहे त्या खात्याला जोडीने, आणि उतारा पुन्हा लागणार आहे. रिबन बदलली का, तेवढं विचारून घेतलं. अजून नाही.